डिजिटल चिकटवही : गुरुजींच्या सेवापूर्तीचं एक पान घरच्या कॉम्प्युटरवर कसं बनवायचं



चॅनेलवरच्या व्हिडिओत तुम्ही माझा माउस कुठे कुठे फिरतो ते पाहिलंत. पण व्हिडिओ थांबवून आकडे लिहून घेणं म्हणजे कटकट. म्हणून सगळी मापं, बटणं आणि हिशेब इथे देतोय. हा लेख समोर उघडा ठेवा, शेजारी सॉफ्टवेअर उघडा आणि एकेक पायरी करत चला. नुसतं वाचून हे येत नाही, सायकलसारखंच आहे.

शाळेत आपण सगळ्यांनी चिकटवही केलेली आहे. वर्तमानपत्रातली चित्रं कापायची, खळ लावायची, खाली दोन ओळी लिहायच्या. डिजिटल स्क्रॅपबुक म्हणजे तीच चिकटवही. कात्री आणि खळीच्या जागी फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर आलं, एवढाच फरक. एका पानावर चार-पाच फोटो, एक मथळा, थोडा मजकूर, आणि हे सगळं मिळून एका माणसाची किंवा एका प्रसंगाची गोष्ट. हे पान छापून फ्रेम करता येतं किंवा अल्बममध्ये लावता येतं.

आता धंद्याचं बोलू. आपल्या येडशी-धाराशिव भागात हे पान विकत कोण घेणार? बरेच जण आधी लग्नाच्या अल्बमकडे धावतात. तिथे स्टुडिओवाले आधीच पाय रोवून बसलेत, त्यांच्याकडे कॅमेरा आहे, ड्रोन आहे. नवख्याने तिथे भाव पाडून शिरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्ही दुसरीकडे बघा. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या गुरुजी-बाईंची सेवापूर्ती. दहावीच्या जुन्या बॅचचे मेळावे. शेतकरी कुटुंबातल्या आजीची पंच्याहत्तरी. इथे फोटो काढणारा लागत नाही, फोटो घरात पडलेलेच असतात. ते गोळा करून नीट मांडणारं माणूस लागतं.

सेवापूर्तीचं गणित तर फारच सोपं आहे. जुन्या काळी शाळेत नाव घालताना जन्मतारीख माहीत नसली की मास्तर सरळ १ जून लिहायचे. राज्य सरकारी सेवेत आणि जिल्हा परिषदेत निवृत्तीचं वय बहुतेकांना ५८ आहे, आणि ज्याचा वाढदिवस महिन्याच्या १ तारखेला तो आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. म्हणजे १ जून १९६८ ला जन्मलेले गुरुजी ३१ मे २०२६ ला निवृत्त. त्यामुळे दरवर्षी ३१ मेला निरोप समारंभांची रांग लागते. ही तारीख कॅलेंडरवर लाल पेनने गोल करून ठेवा. आणि एक गोष्ट विसरू नका : मे महिन्यात शाळेला सुट्टी असते. वर्गाचा, फळ्याचा, मुलांसोबतचा फोटो हवा असेल तर तो एप्रिलमध्येच काढून ठेवावा लागतो. मेच्या वीस तारखेला ऑर्डर घेतलीत तर बंद शाळेचं कुलूप तेवढं मिळेल.

आपण असंच एक पान करू. समजा एक गुरुजी आहेत, १९९० च्या आसपास नोकरीला लागले, निम्मी नोकरी येडशीच्या आसपास झाली.

आधी फोटो, मग कॉम्प्युटर

पहिला दिवस कॉम्प्युटरला हात लावायचाच नाही. घरी जायचं, चहा घ्यायचा, पेटी उघडायला सांगायचं. काय काय निघतं बघा : नेमणुकीच्या वेळचा पासपोर्ट फोटो, लग्नाचा एखादा फोटो, सहलीचा ग्रुप फोटो. येडशीच्या पंचक्रोशीतल्या शाळेची सहल म्हटलं की रामलिंगचा फोटो हमखास निघतो. मंदिर, धबधब्याकडे जाणारी वाट आणि कोपऱ्यात कुणाच्या तरी डब्यावर डोळा ठेवून बसलेलं माकड.

फोटो बघता बघता विचारत राहा. पहिली शाळा कोणती? तिथे कसं जायचात? या प्रश्नावर माणसं खुलतात. येडशीचे जुने लोक लगेच नॅरोगेज गाडीवर येतात. बार्शी लाईट रेल्वेची ती अडीच फूट गेजची गाडी कुर्डुवाडी-बार्शीकडून येडशीवरून लातूरला जायची. त्या काळात धाराशिव शहरात रेल्वेच नव्हती. वीसेक किलोमीटरवरचं येडशी हेच शहराचं स्टेशन. रूळ रुंद झाले तेव्हा मार्ग बदलून धाराशिव शहरातून नेला. ज्या गुरुजींनी त्या छोट्या गाडीने नोकरीच्या गावी ये-जा केली, त्यांच्या पानावर ही एक ओळ आली की पान त्यांचं होतं. नाहीतर 'पुढील आयुष्यासाठी हार्दिक शुभेच्छा' काय, कुणाच्याही पानावर चालतं.

दुसरा प्रश्न जरा जपून विचारायचा. उमरगा-लोहारा पट्ट्यातल्या माणसाला १९९३ च्या आधीचे फोटो मागताना आवाज खाली आणा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात घरं पडली, तिथे घरातल्या पेट्याही गेल्या. आई-वडिलांचा एकच फोटो उरलाय, तोही दुसऱ्या कुणाच्या लग्नातल्या ग्रुपमधून कापून घेतलेला, असं तुमच्यासमोर येऊ शकतं. तो फोटो घरी घेऊन जाऊ नका. तिथेच स्कॅन करा, तिथेच परत द्या. तुम्ही फोटो हरवलात तर पैसे परत देऊन तो भरून येणार नाही, आणि गावात बातमी तुमच्या आधी पोचेल.

स्कॅनर नसेल तर मोबाइल चालतो. ओसरीत, सावलीत, दिवसाच्या उजेडात फोटो सपाट ठेवा, फ्लॅश बंद, मोबाइल फोटोला अगदी समांतर. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, रंगाचा थर काचेवरच राहतो. काचेतूनच फोटो घ्या. काचेवर चमक येत असेल तर थोडं बाजूला सरका, किंवा मोबाइलच्या मागे एखादं काळं कापड धरायला कुणाला तरी सांगा.

स्कॅनर असेल तर मापाचं एकच सूत्र लक्षात ठेवा. छपाईला दर इंचाला ३०० पिक्सेल लागतात. साधारण १.४ × १.८ इंचाचा पासपोर्ट फोटो १२०० डीपीआयला स्कॅन केला तर १६८० × २१६० पिक्सेल मिळतात. ३०० ने भागा : साडेपाच इंच रुंद, सात इंच उंच छापता येईल एवढा माल हाताशी आला. तोच फोटो ३०० डीपीआयला स्कॅन केलात तर तो मूळ आकाराएवढाच छापता येतो, मोठा केला की भुरकट.

आता व्हॉट्सॲप. घरचे लोक उत्साहाने चाळीस फोटो पाठवतात. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप लहान करतं, लांब बाजू १६०० पिक्सेलच्या आसपास येते. १६०० भागिले ३०० म्हणजे सव्वापाच इंच. त्यापेक्षा मोठा छापायचा असेल तर मूळ फाइल मागा. 'फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा' हे वाक्य मोबाइलमध्ये टाइप करून ठेवा, रोज लागणार आहे.

सॉफ्टवेअर कोणतं

मी जिंप वापरून दाखवतो. फुकट आहे, धंद्यासाठी वापरायला परवानगी आहे, आणि एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. आपल्याकडे नेट कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे हा मुद्दा छोटा नाही. फोटोशॉप चांगलंच आहे, पण ते भाड्याने घ्यावं लागतं. पाच-सहा ऑर्डरी झाल्याशिवाय त्या फंदात पडू नका. आणि चोरीची कॉपी टाकू नका. कायद्याचा प्रश्न तर आहेच, पण तसल्या कॉपीसोबत व्हायरस आला आणि ग्राहकाचे फोटो गेले तर तोंड कुठे लपवणार?

पान उभं करू

जिंपमध्ये फाइल मेनूतून न्यू. रुंदी ३६००, उंची ३६०० पिक्सेल. खाली ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स उघडून रिझोल्यूशन दोन्हीकडे ३०० करा. हे झालं १२ × १२ इंचाचं पान, स्क्रॅपबुकचं जगभर चालणारं माप. लगेच कंट्रोल-एस दाबून सेव्ह करा. फाइलचा प्रकार एक्ससीएफ राहील, म्हणजे सगळे थर वेगवेगळे जपले जातात. थर म्हणजे लेयर. एकावर एक ठेवलेले पारदर्शक प्लास्टिकचे कागद डोळ्यासमोर आणा. प्रत्येक फोटो वेगळ्या कागदावर, म्हणून एक सरकवला तरी दुसरा हलत नाही.

सगळ्यात खाली पार्श्वभूमी. इथे नवखे लोक गुगलवरून फुलापानांची चित्रं उचलतात. ती चित्रं कुणाच्या तरी मालकीची असतात. आणि खरं सांगू का, तुमच्या आसपास त्याहून चांगला माल आहे. एकेरी वहीचं पान, पुस्तकाला घालतात तो खाकी कागद, खडूने पुसट झालेला फळा. यातलं काहीही दिवसाच्या उजेडात मोबाइलने टिपा. फाइल मेनूतून ओपन ॲज लेयर्स करून आत आणा, पानभर मोठं करा आणि लेयरची ओपॅसिटी ३०-४० वर आणा, म्हणजे ते मागे दबून राहील. गुरुजींचा जुना हजेरीपट दिसला की मोह होतो, पण त्यावर मुलांची नावं असतात. फक्त रेघांचा कोरा भाग घ्या. सेवापुस्तकाचंही तेच, त्यावरचे आकडे भिंतीवर टांगण्यासाठी नसतात.

मांडणीचा एक नमुना देतो. कडेपासून चारही बाजूंना १५० पिक्सेल मोकळे सोडा, ते साधारण सव्वा सेंटीमीटर होतात. लॅबमध्ये कापताना कड थोडी जाते, तीन मिलिमीटर म्हणजे ३५ पिक्सेल, तेव्हा ही जागा हवीच. वरच्या पट्ट्यात मथळा. त्याखाली डावीकडे मुख्य फोटो, २१०० × १५७५. उजव्या रकान्यात नेमणुकीच्या वेळचा पासपोर्ट फोटो ७०० × ९०० आणि त्याखाली मजकूर. तळाशी तीन छोटे फोटो, प्रत्येकी १००० × ७५०, मध्ये १५०-१५० ची फट. बेरीज करा : तीन हजार अधिक तीनशे, अधिक दोन्ही कडांचे तीनशे, बरोबर ३६००.

मुख्य फोटो कोणता? घरचे म्हणतात सत्काराचा, शाल-नारळवाला. मी म्हणतो नाही. शाल-नारळाचे फोटो सगळ्यांचे सारखे दिसतात. गुरुजी वर्गात आहेत, हातात खडू आहे, समोर मुलं आहेत, असा फोटो मोठा करा. सत्काराचा खाली छोट्या पट्टीत बसवा, म्हणजे सत्कार करणारे पाहुणेही नाराज होणार नाहीत.

आता फोटो बसवायचे. ओपन ॲज लेयर्सने फोटो आणा. आधी त्या लेयरची एक प्रत करून (शिफ्ट-कंट्रोल-डी) मूळ लेयरचा डोळा बंद करा. जिंपमध्ये लहान केलेला फोटो पुन्हा मोठा केला तर तो खराब होतो, म्हणून मूळ राखून ठेवायचा. मग शिफ्ट-एस दाबून स्केल टूल घ्या. रुंदी-उंचीमधली साखळी जोडलेली आहे ना बघा, नाहीतर माणसं चपटी होतील. फोटो ठरलेल्या मापापेक्षा जरा मोठाच ठेवा.

जादा भाग कापू नका, झाका. आर दाबून चौकोनी सिलेक्शन घ्या, टूलच्या पर्यायांत माप टाका, हवा तेवढा भाग चौकोनात आणा. मग लेयर मेनूत मास्क, ॲड लेयर मास्क, आणि त्यात सिलेक्शन हा पर्याय. चौकोनाबाहेरचं दिसेनासं होतं, पण गेलेलं नसतं. उद्या ग्राहक म्हणाला 'त्या कडेला आमचे काका होते, ते कुठे गेले', तर मास्क काढून काकांना परत आणता येतं. हे होतंच, म्हणून सांगतोय.

सिलेक्शन अजून तसंच आहे तोवर फोटोची पांढरी किनार करून घ्या. सिलेक्ट मेनूत ग्रो, ४० पिक्सेल. नवा लेयर घ्या, पांढरा रंग भरा, आणि तो लेयर फोटोच्या खाली ओढा. कोपरे किंचित गोल होतील, जुन्या फोटोला ते शोभतं. फोटो आणि किनार एका लेयर ग्रुपमध्ये टाका, म्हणजे दोघे बरोबर हलतील. मग शिफ्ट-कंट्रोल-ए दाबून सिलेक्शन सोडा.

सगळे फोटो सरळ रेषेत लावले की पान ओळखपत्रांच्या शीटसारखं दिसतं. एखादाच फोटो शिफ्ट-आर घेऊन दोन-तीन अंशांनी कलता करा. एकच. सगळे कलते केले तर भिंतीवरून पडल्यासारखे दिसतात. आणि आधी कलता करा, सावली नंतर द्या. किनारीचा लेयर निवडून फिल्टर्स मेनूत लाइट अँड शॅडो, त्यात ड्रॉप शॅडो. आडवं अंतर १२, उभं १२, ब्लर २५, ओपॅसिटी ०.४. सगळ्या फोटोंना हेच आकडे द्या. एका फोटोची सावली उजवीकडे आणि दुसऱ्याची डावीकडे पडली की काहीतरी खटकतं. काय ते ग्राहकाला सांगता येत नाही, पण तो 'मजा नाही आली' म्हणतो.

चेहऱ्याला हात लावताना

इथे जरा थांबून बोलतो, कारण या कामात नाव कमावतात किंवा घालवतात ते इथेच.

जुना फोटो पिवळा पडलेला असतो. काळा-पांढरा असेल तर कलर्स मेनूत डीसॅच्युरेट करा, मग लेव्हल्समध्ये काळं टोक आणि पांढरं टोक थोडं आत आणा. फोटो उजळतो. डाग आणि भेगांसाठी एच दाबून हील टूल घ्या. कंट्रोल धरून शेजारच्या स्वच्छ जागेवर क्लिक करायचं, मग डागावर ब्रश फिरवायचा. पार्श्वभूमी, कपडे, भिंत, इथे बिनधास्त करा. चेहऱ्यावर मात्र ब्रश अगदी लहान, आणि फक्त भेगेवर. डोळ्यातून किंवा ओठातून भेग गेली असेल तर ती थोडी राहू द्या.

चेहरे गोरे करायचे नाहीत. आपल्याकडे स्टुडिओंना ती फार जुनी सवय आहे. पस्तीस वर्षं मैदानावर कवायत घेतलेल्या माणसाचा चेहरा उन्हात रापलेला असणारच. तो पावडर लावल्यासारखा केलात तर नातवाला आजोबा ओळखू येणार नाहीत.

हल्ली मोबाइलवर एका बटणात जुना फोटो 'नवा' करणारी एआय ॲप आली आहेत. प्रयोग जरूर करा, पण ग्राहकाच्या कामात चेहऱ्यासाठी वापरू नका. फोटोत डोळा धूसर असेल तर ते ॲप डोळा शोधून काढत नाही, अंदाजाने नवीन रंगवतं. तो डोळा कुणाचाच नसतो. ज्या मुलाकडे आईचा एकच फोटो आहे, त्याच्या हातात तुम्ही दुसऱ्याच बाईचा स्वच्छ फोटो ठेवाल. त्याला तो धूसर फोटोच हवा असतो. फार तर थोडा उजळ करून द्या. काळ्या-पांढऱ्या फोटोत रंग भरून मागितले तर लुगड्याचा रंग घरच्यांना विचारा. आठवत नसेल तर भरू नका.

मराठी मजकूर

टी दाबा, पानावर क्लिक करा, टाइप करा. टायपिंग युनिकोडमध्येच हवं. विंडोजमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड जोडता येतो. डीटीपीवाल्यांच्या जुन्या फाँटमधला मजकूर आणून चिकटवलात तर भलतीच अक्षरं दिसतील.

फाँट गुगल फाँट्सवरून फुकट घ्या. मजकुरासाठी 'मुक्ता' सुटसुटीत आहे. जरा पुस्तकी थाट हवा असेल तर 'टिरो देवनागरी मराठी' बघा, त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. गुरुजींच्या पानावर हिंदी वळणाचा ल गेला तर निवृत्त झालेले गुरुजीसुद्धा लाल पेन काढतील. एका पानावर दोनच फाँट, एक मथळ्याला आणि एक मजकुराला.

आकार असा काढायचा : ३०० डीपीआयला १२ पॉइंट म्हणजे ५० पिक्सेल. मजकूर ५५ ते ६० ठेवा, कारण हे पान वाचणाऱ्यांत साठी ओलांडलेले बरेच असतात. मथळा २०० च्या पुढे.

छपाईआधी 'विद्यार्थ्यांच्या', 'निवृत्ती', 'कार्यक्रम', 'शुभेच्छा' असे शब्द पानावर लिहून पाहा. जोडाक्षरं आणि रफार नीट बसले तर पुढे जा. जिंपमध्ये सहसा अडचण येत नाही. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये रफार किंवा वेलांटी भलतीकडे पडली तर प्रेफरन्सेसमध्ये टाइप या विभागात दक्षिण आशियाई भाषांसाठीचा पर्याय निवडावा लागतो.

काय लिहायचं? साठ-सत्तर शब्द पुष्कळ झाले. नेमणुकीचं साल, शाळांची नावं क्रमाने आणि एक खरी आठवण. 'विद्यार्थीप्रिय, मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष' ही विशेषणं समारंभात सात जण बोलणारच आहेत, पानावर कशाला? त्यापेक्षा 'येडशी स्टेशनवरून पहाटेची छोटी गाडी पकडून शाळेत पोचणारे गुरुजी' हे वाचताना जुना विद्यार्थी थांबतो. अर्थात ते त्यांनी सांगितलेलं असलं तरच. आपल्या मनाने गाडीत बसवू नका.

नावांच्या बाबतीत डोळ्यात तेल घाला. आडनाव कसं लिहितात ते त्यांच्याच हाताने कागदावर लिहून घ्या. कुणाच्या नावाआधी 'कै.' लावायचं आणि कुणाच्या नाही, हे दोनदा विचारा. हयात माणसाला कैलासवासी केलंत तर त्या घराचाच काय, त्या गल्लीचा धंदा संपला. पान तयार झालं की छोटी प्रत घरातल्या दोन वेगवेगळ्या माणसांना पाठवा आणि 'तपासलं, मंजूर' असा मेसेज आल्याशिवाय छपाईला देऊ नका. भांडणासाठी हा मेसेज लागतो असं नाही, पण तो लिहायच्या निमित्ताने माणूस खरंच नीट वाचतो.

छपाई आणि पैसे

छपाईसाठी शिफ्ट-कंट्रोल-ई दाबून जेपेग काढा, क्वालिटी ९५. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरात आणि तारखेसकट ठेवा. लॅबच्या मशीनला मराठी नाव कधी कधी वाचता येत नाही. लॅबला आधी फोन करून विचारा : १२ × १२ छापता का, कड किती कापली जाते, कागद मॅट मिळेल का. भिंतीवर लावायचं असेल तर मॅट बरा, ट्यूबलाइट चमकत नाही. पहिल्या वेळी पूर्ण पान ४ × ४ इंचात छापून बघा. आपला कॉम्प्युटर जास्त उजळ दाखवतो, छापल्यावर चेहरे काळपट येतात. तसे आले तर थोडं उजळ करून मग मोठं छापा.

एक युक्ती : बऱ्याच ठिकाणी १२ × १८ चा कागद असतो. १२ × १२ छापल्यावर १२ × ६ ची पट्टी उरते, तिचे पैसे तुम्ही भरलेलेच असतात. त्यात ४ × ६ चे तीन फोटो बरोबर बसतात. पासपोर्ट फोटोची साफ केलेली प्रत आणि आणखी दोन तिथे छापून पाकिटात घालून द्या. ग्राहकाला पान विसरेल पण हे पाकीट विसरणार नाही.

आता दर. बरेच जण शेजारच्याला विचारून दर लावतात. तसं करू नका, कागदावर मांडा. समजा तुमच्या एका तासाची किंमत तुम्ही १५० रुपये धरली. घरी जाणं, स्कॅन, मांडणी, दुरुस्त्या मिळून ५ तास लागले : ७५० रुपये. छपाई आणि फ्रेमचं बिल समजा ४५०. येणं-जाणं १००. झाले १३००. त्यावर पंधरा टक्के, म्हणजे १९५, बाजूला ठेवा, पुन्हा छापावं लागलं किंवा स्कॅनर बिघडला तर उपयोगी पडतात. दर आला साधारण १५००. निम्मे आगाऊ घ्या. ७५० हातात आले की छपाई आणि प्रवास निघतो, खिशातून काही जात नाही. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या लॅबचं बिल घालून तुमचे काढा.

दुसऱ्या पानाला तुमच्याकडे एक्ससीएफ फाइल तयार असते. फोटो बदलायचे, मजकूर बदलायचा, अडीच तासांत काम होतं. तेव्हा दर कमी करायचा का? नाही. पहिल्या पानाला लागलेली शिकण्याची मेहनत कुठूनतरी वसूल व्हायची आहे. मात्र एकाच शाळेतल्या दोघांना हुबेहूब तीच मांडणी देऊ नका, स्टाफरूममध्ये दोन्ही पानं शेजारी लागतात.

सेवापूर्तीत पैसे बहुधा सहकाऱ्यांच्या वर्गणीतून येतात. म्हणून गुरुजींच्या घरी जाण्याआधी वर्गणी गोळा करणाऱ्या शिक्षकाला भेटा. किती जमले, पावती कुणाच्या नावाने, पान कधी हवं, हे त्याच्याशी ठरवा. गुरुजींना चकित करायचं असेल तर फोटो त्यांच्या मुलीकडून किंवा सुनेकडून मागवा. बहुतेक घरांत फोटोंची पेटी कुठे आहे हे त्यांनाच माहीत असतं.

हक्कांचं थोडक्यात. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने पैसे देणारा असतो. त्यामुळे घरच्या लग्नाचा फोटो ग्राहकाने दिला तर सहसा अडचण नाही. वर्तमानपत्रातला किंवा नेटवरचा फोटो मात्र तसा घेता येत नाही. आणि तुम्ही केलेलं पान स्टेटसला नमुना म्हणून टाकायचं असेल तर आधी त्या कुटुंबाला विचारा. पानावर शाळेतली लहान मुलं दिसत असतील तर टाकूच नका.

नोंदणीचं विचाल तर उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर आधारवरून फुकट होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. आणि एवढ्या कामासाठी कर्जही नको. घरात कॉम्प्युटर असेल तर पहिली चार पानं स्कॅनरशिवाय, मोबाइलवर करा. त्यातून आलेल्या पैशातून स्कॅनर घ्या.

पान पोचतं केल्यावर एक काम राहतं. मूळ स्कॅन, एक्ससीएफ आणि छापलेली जेपेग एका फोल्डरमध्ये घालून एक प्रत पेनड्राइव्हवर त्या घरी द्या, एक प्रत तुमच्याकडे वेगळ्या हार्डडिस्कवर ठेवा. फोल्डरला तारीख आणि गावाचं नाव द्या. दोन-चार वर्षांनी त्याच घरातून नातवाच्या बारशासाठी फोन येतो आणि 'तो आजोबांचा फोटो आहे का हो तुमच्याकडे?' असं विचारतात. तेव्हा तो फोल्डर पाच मिनिटांत सापडला पाहिजे.

पुढच्या व्हिडिओत दहावीच्या बॅचच्या मेळाव्याचं पान घेऊ. तिथे चाळीस चेहरे एका पानावर बसवायचे असतात, त्याची मांडणी वेगळी आहे. तोवर हे एक पान तुमच्याच घरच्या फोटोंवर करून बघा.